कच्च्या केळ्याचे कुरकुरीत काप: दोनदा तळण्याची रीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत

तेलातून नुकतेच काढलेले काप पहिली दोन मिनिटं कुणाचेही कुरकुरीत लागतात. खरी परीक्षा दहा मिनिटांनी होते. ताटलीत उरलेला शेवटचा काप उचलून खाल्ला आणि तो दाताखाली कटकन मोडला, तर तळण जमलं म्हणायचं. तो वाकला, चिवट लागला, तर समजा की पाणी आतच राहून गेलं.

कच्च्या केळ्याच्या वजनात जवळपास दोन तृतीयांश पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः स्टार्च. कुरकुरीतपणा म्हणजे हा स्टार्च आधी नीट शिजवणं आणि मग त्याच्या बाहेरच्या थरातलं पाणी घालवणं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोघांना वेगवेगळं तापमान लागतं. मी बरीच वर्षं दोन्ही कामं एकाच तळणीत उरकायला बघत होतो. मंद आचेवर तळले की काप तेल पिऊन चिवट व्हायचे, मोठ्या आचेवर तळले की वरून करपून आत कच्चे राहायचे. दोनदा तळायला लागल्यापासून हा प्रश्न मिटला. कॅरिबियन बेटांवर आणि लॅटिन अमेरिकेत ‘तोस्तोनेस’ किंवा ‘पाताकोनेस’ या नावांनी जे काप केले जातात, त्यांची रीत हीच: आधी तळायचं, मग दाबून चपटं करायचं, मग पुन्हा तळायचं. खाली तीच रीत सविस्तर दिली आहे. पातळ वेफर्स आणि पिकलेल्या केळ्याचे काप यांचं तळण थोडं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे.

केळं कसं निवडायचं

निम्मं यश इथेच ठरतं, म्हणून घाई नको. तळायला हवं ते मोठं, जाड सालीचं, कंगोरेदार केळं. राजेळी किंवा नेंद्रन या नावांनी जे ओळखलं जातं, ते. नेहमी सोलून खातो त्या केळ्यांपेक्षा हे लांब असतं, टोकाकडे जास्त निमुळतं होतं आणि हातात घेतलं की जड लागतं. रोजच्या खाण्यातली केळी अगदी हिरवी असताना पातळ वेफर्ससाठी चालतात. पण दाबून चपटे करायच्या जाड कापांना ती तितकीशी मानवत नाहीत, मऊ पडतात.

केळं पिकतं तेव्हा आतल्या स्टार्चची साखर होत जाते. सालीचा रंग म्हणजे या बदलाचा बाहेरून दिसणारा हिशेब. साल पूर्ण हिरवी आणि केळं दाबल्यावर अजिबात न दबणारं असेल, तर आत जवळजवळ सगळा स्टार्च आहे. कुरकुरीत कापांसाठी हेच हवं. हिरव्यावर पिवळी झाक आली असेल तरी चालेल, काप किंचित गोडसर होतील आणि लवकर लाल होतील. साल पूर्ण पिवळी होऊन काळे ठिपके आले की साखर इतकी वाढलेली असते की आत नीट शिजायच्या आधीच बाहेरून करपायला लागतं. अशा केळ्याचे काप कडेने खमंग आणि आतून मऊ होतात. ते छानच लागतात, पण त्यांच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नये.

हिरवी केळी आणून ती तशीच हिरवी ठेवायची असतील, तर थंड आणि हवेशीर जागी सुटी ठेवा. सफरचंद किंवा पिकलेल्या फळांजवळ ठेवलीत तर त्या फळांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती लवकर पिकतील. फ्रिजही टाळा. साधारण 12-13 अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याला थंडी बाधते, साल काळी पडते आणि आत काय चाललंय ते रंगावरून कळेनासं होतं. तीन-चार दिवसांत वापरणार असाल तेवढीच आणा.

दोन मोठ्या केळ्यांचे सोळाच्या आसपास काप होतात. पहिल्यांदा करताना दोनच घ्या.

सोलणं

हिरवं केळं पिकल्या केळ्यासारखं सोलायला गेलात तर साल तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि गरही सोबत येतो. त्यातून सालीचा चीक हाताला लागला की काळे डाग दोन-दोन दिवस जात नाहीत, कपड्यावरचे तर धुतल्यानंतरही राहतात. म्हणून आधी हातांना थोडं तेल चोळा आणि जुना कपडा पुढे बांधा. सुरीलाही तेलाचं बोट फिरवा.

केळ्याची दोन्ही टोकं साधारण दोन-दोन सेंटिमीटर कापून टाका. मग कंगोऱ्यांवरून उभ्या चिरा द्या. इथे सुरीच्या टोकाचा अंदाज महत्त्वाचा: साल फक्त दोन-तीन मिलिमीटर जाड असते, तेवढंच टोक आत जायला हवं. सुरी साल ओलांडून गरात शिरते तेव्हा हाताला फरक जाणवतो, आधी चामड्यासारखा चिवट विरोध आणि मग एकदम भुसभुशीत. तो विरोध संपायच्या आत थांबायचं. गरावर खोल चीर पडली तर पुढे दाबताना काप नेमका तिथेच फुटतो.

आता अंगठा चिरेत घालून साल उभी न ओढता आडवी, बाजूला लोटा. कंगोऱ्याच्या एका कडेने सुटायला लागली की पट्टीच्या पट्टी निघून येते. फारच चिकटून बसली असेल तर चिरा दिलेलं केळं मीठ घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, साल ढिली होते. गरावर हिरवट दोरे राहिले तर सुरीने खरवडून काढा. तळल्यावर ते कडक आणि तुरट लागतात.

सोललेलं केळं हवेत उघडं राहिलं की काळवंडतं. लगेच तळणार असाल तर हरकत नाही. नाही तर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा आणि तळायच्या आधी कपड्याने अगदी कोरडं पुसा. कोरडं म्हणजे खरंच कोरडं. पाण्याचा एक थेंब गरम तेलात पडला तर काय होतं, याची खूण माझ्या उजव्या मनगटावर अजून आहे.

आता काप करा, दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीचे. अंगठ्याचं वरचं पेर जेवढं लांब, साधारण तेवढे. हे काप जाड वाटतील, पण ते पुढे दाबून चपटे करायचे आहेत. सगळे एकाच जाडीचे होतील याकडे मात्र लक्ष द्या, कारण एका घाण्यात एक पातळ आणि एक जाड पडला की दोघांपैकी एक बिघडतोच.

कढई आणि तेल

जाड बुडाची, खोल कढई हवी. पातळ भांड्यातलं तेल काप टाकल्याबरोबर थंड होतं आणि मग पुन्हा तापायला वेळ घेतं, तेवढ्या वेळात काप तेल पितात. तेलाची खोली तीन-चार सेंटिमीटर पुरे. कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. केळ्यातलं पाणी वाफ होऊन निघताना तेल फेसाळत वर येतं, त्याला जागा लागते.

तेल रिफाइंड आणि उग्र वास नसलेलं घ्या: शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, राइस ब्रॅन, काहीही. दुसऱ्या तळणीत तेल 190 अंशांपर्यंत न्यायचं असतं, म्हणून त्या तापमानाला धूर न सोडणारं तेल हवं. खोबरेल तेलाचा स्वाद केळ्याला फार शोभतो, पण लाकडी घाण्याचं, न गाळलेलं खोबरेल साधारण 175 अंशांच्या आसपास धूर सोडू लागतं. म्हणून ते पहिल्या तळणीला किंवा वेफर्सना ठीक, दुसऱ्या तळणीला जोखमीचं.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जरूर वापरा. मी तो घेतला तेव्हा कळलं की ज्याला मी ‘मध्यम आच’ समजत होतो त्या आचेवर तेल कधी 150 असायचं, कधी 195. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमच्याचं कोरडं टोक तेलात बुडवून बघा. टोकाभोवती बारीक बुडबुडे सावकाश येत असतील तर तेल पहिल्या तळणीला तयार आहे. बुडबुडे जोरात, एकसारखे उसळत असतील तर दुसऱ्या तळणीला. केळ्याचा छोटा तुकडाही टाकून बघता येतो: तळाशी जाऊन हळूहळू वर आला तर पहिलं तापमान, टाकल्याबरोबर चरचरत वर आला तर दुसरं.

पहिली तळणी: शिजवण्यासाठी

तेल 160 ते 165 अंशांवर आणा. काप एकेक करून, तेलाच्या अगदी जवळ हात नेऊन, बाजूने सोडा. वरून टाकू नका. एका वेळी सहा-सात काप पुरेत, कढई मोठी असेल तर आठ. काप एकमेकांना न चिकटता मोकळे तरंगले पाहिजेत.

तीन मिनिटांनी उलटा, आणखी तीन मिनिटं ठेवा. या तळणीत रंग आणायचा नाही. काप फिकट पिवळे दिसायला हवेत, कडेला जेमतेम सोनेरी रेघ आली तर पुष्कळ झालं. सोनेरी झाले म्हणजे बाहेरचा थर वेळेआधीच कडक झाला, आणि कडक झालेला काप दाबला की पसरत नाही, तडकतो.

शिजला की नाही ते टूथपिकने बघा. उकडलेल्या बटाट्यात जाते तशी ती सहज आत गेली पाहिजे, मध्यावर अडखळली तर आणखी मिनिटभर द्या. आत काय होतं? साधारण 60 ते 80 अंशांच्या दरम्यान स्टार्चचे कण केळ्यातलंच पाणी शोषून फुगतात आणि एकमेकांना धरून बसतात. पुढे दाबल्यावर काप एकसंध राहतो तो यामुळे. कच्चं केळं दाबलं तर त्याचा भुगा होतो, कारण धरून ठेवायला हा शिजलेला स्टार्च तिथे नसतो.

काप झाऱ्याने काढून जाळीवर किंवा चाळणीत ठेवा. गॅस बारीक करा, बंद करू नका.

दाबणं

या पायरीला घड्याळ लावा. काप तेलातून काढल्यावर एक-दोन मिनिटांत दाबायचे. हाताला सोसवेल इतपत गरम, पण वाफ अजून निघत असलेले. गार झाल्यावर फुगलेला स्टार्च पुन्हा आवळून घट्ट होतो आणि काप कडेने चिरटतो. एकदा सगळे काप तळून होईपर्यंत पहिले काप तसेच ठेवले होते, ते दाबताना तीन-तीन तुकडे झाले. तेव्हापासून एक घाणा काढायचा, तो दाबायचा, मगच पुढचा घाणा तेलात सोडायचा, हा माझा नियम आहे.

पोळपाटावर प्लॅस्टिकच्या जाड पिशवीचा किंवा बटर पेपरचा तुकडा ठेवून त्याला तेलाचं बोट लावा. त्यावर काप चिरलेल्या बाजूवर उभा ठेवा, म्हणजे गोल चेहरा वर येईल. वर दुसरा तुकडा ठेवा आणि सपाट बुडाच्या वाटीने दाबा. ठोकू नका. तळहाताचा भार सावकाश टाकत जा, अर्ध्यावर आलं की वाटी किंचित फिरवा आणि मग पूर्ण दाबा. जाडी सहा-सात मिलिमीटर राहिली पाहिजे. यापेक्षा जाड ठेवला तर मध्यभाग पिठूळ राहतो, पातळ केला तर काप दुसऱ्या तळणीत मोडतो.

कडा थोड्या फाटतील, दातेरी होतील. त्या तशाच राहू द्या, हाताने नीटनेटक्या करू नका. सगळ्यात जास्त कुरकुरीत होतो तो याच फाटक्या कडांचा भाग, कारण पातळ असल्यामुळे तिथलं पाणी सगळ्यात आधी निघून जातं.

मिठाच्या पाण्याची बुडी

ही पायरी ऐच्छिक आहे, पण मी ती सोडत नाही. दोन कप पाण्यात दोन चमचे मीठ आणि ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या घालून ठेवायच्या. दाबलेला काप त्यात दोन-तीन सेकंद बुडवून लगेच काढायचा. वरवर बघता हे उलटं वाटतं, कारण पाणी घालवायचं म्हणतोय आणि काप पाण्यात बुडवतोय. पण या बुडीने मीठ आणि लसूण कापाच्या भेगांत शिरतात, वरून भुरभुरवलेलं मीठ तिथपर्यंत पोचत नाही. शिवाय ओला झालेला वरचा स्टार्च दुसऱ्या तळणीत पापडासारखा थर धरतो.

अट एकच. बुडवलेला काप जाळीवर निथळायचा, मग दोन्ही बाजूंनी स्वच्छ कपड्याने टिपायचा आणि पाचेक मिनिटं हवेवर ठेवायचा. बोट लावल्यावर दमट लागला तर चालेल, पण बोटाला पाणी लागलं तर नाही. घरात लहान मुलं पायात घुटमळत असतील किंवा गरम तेलाचा सराव नसेल, तर पहिल्या खेपेला ही पायरी वगळा.

दुसरी तळणी: कुरकुरीत करण्यासाठी

आच वाढवून तेल 185 ते 190 अंशांवर न्या. चपटे काप जास्त जागा घेतात, म्हणून एका घाण्याला चार-पाचच.

काप तेलात पडल्याबरोबर मोठा चरचराट होतो. वरच्या थरातलं पाणी वाफ होऊन निघत असल्याचा हा आवाज. जोपर्यंत एखाद्या जागी पाणी आहे, तोपर्यंत तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी संपलं की वर चढतं, 140 अंशांच्या पुढे रंग धरू लागतो आणि तो खमंग वास सुटतो. म्हणून डोळ्यांइतकंच कानांनाही कामाला लावा. दीड मिनिटाने चरचर मंदावते, बुडबुडे बारीक आणि विरळ होतात. तेव्हा उलटा, आणखी मिनिटभर ठेवा. झाऱ्याने ढोसल्यावर काप टणक लागला आणि कढईच्या कडेला लागून वाजला की काढायची वेळ झाली.

रंग सोनेरी असावा, तपकिरी नको. तेलाबाहेरही काप अर्धा मिनिट शिजत राहतो आणि एक छटा गडद होतो, तो हिशेब धरून थोडा आधीच काढा. याला चवीपलीकडचंही कारण आहे. स्टार्चचे पदार्थ 120 अंशांपेक्षा जास्त तापमानाला तळले-भाजले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होऊ शकतं, हे 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी समोर आणलं. पदार्थ जितका काळपट, तितकं ते जास्त. सोनेरी रंगावर थांबणं जिभेलाही बरं आणि तब्येतीलाही.

काढलेले काप कागदावर पसरून ठेवायची सवय असते. मी कागदावर त्यांना फक्त वीस-तीस सेकंद टेकवतो, दोन्ही बाजूंचं तेल टिपून घेतो आणि लगेच जाळीवर उभे-आडवे, एकमेकांवर न रचता ठेवतो. कागदावर राहिले तर खालच्या बाजूने निघणारी वाफ अडकते आणि पाच मिनिटांत ती बाजू मऊ पडते. इतकी मेहनत करून पाणी घालवायचं आणि शेवटच्या क्षणी तेच परत कापात जिरू द्यायचं, हे फार वाईट वाटतं. झाकण ठेवण्याचं तर नावच काढू नका.

मीठ लगेच, तेलाचा ओलावा पृष्ठभागावर असतानाच घाला, आणि बारीक मीठ घ्या. जाड मीठ घरंगळून जातं. तिखट, मिरपूड, जिऱ्याची पूड घालायची असेल तर तीही याच वेळी. तेलात मसाला कधीही टाकू नका, तो करपून पुढचा प्रत्येक घाणा कडवट करतो. लिंबू पिळायचं असेल तर ज्याने त्याने आपल्या ताटलीत, खायच्या क्षणी.

बिघडलं तर कुठे बिघडलं

काप तेलकट झाले तर बहुतेक वेळा दुसऱ्या तळणीचं तेल पुरेसं तापलेलं नव्हतं, किंवा एकाच वेळी जास्त काप टाकले गेले. पहिल्या दोन कापांवरूनच हे कळतं, तिथेच थांबून तेल तापू द्या. वरून लाल आणि आत पिठूळ, घशाशी अडकणारे झाले तर पहिली तळणी अपुरी झाली किंवा दाबताना जाडी जास्त राहिली. दाबताना फुटले तर तीनच शक्यता: गार झाले, कमी शिजले किंवा पहिल्या तळणीत जास्त कडक झाले. टूथपिक आणि रंग यांवरून त्यातली कोणती ते ओळखता येतं. सगळं नीट करूनही काप पटकन काळपट होत असतील, तर दोष केळ्याचा. बाहेरून हिरवं दिसलं तरी आत साखर धरायला लागली होती. कच्च्या गराचा तुकडा चाखून बघा, तुरट आणि पिठाळ लागायला हवा. गोडसर लागला तर दुसऱ्या तळणीचं तेल 175 अंशांवरच ठेवा.

पातळ वेफर्स

वेफर्स एकाच तळणीत होतात, कारण काप इतका पातळ असतो की शिजणं आणि कोरडं होणं जवळजवळ एकदमच घडतं. किसणीवर दीड मिलिमीटरचे काप पाडा. मीठ आणि चिमूटभर हळद घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, त्याने वरचा सुटा स्टार्च धुऊन जातो आणि काप एकमेकांना चिकटत नाहीत. मग कपड्यावर पसरून पूर्ण सुकवा.

तेल 170 ते 175 अंश. काप मूठभर घेऊन एकदम न टाकता पत्ते पिसल्यासारखे सुटे सोडा आणि पहिलं मिनिट झाऱ्याने हलवत राहा. तीन-चार मिनिटांत बुडबुडे जवळजवळ थांबतात. झाऱ्यात उचलून हलवले की खुळखुळ वाजले पाहिजेत. वाजत नसतील तर अजून पाणी आहे, रंग कितीही छान दिसला तरी काढू नका.

अर्धवट तळलेल्या वेफर्सवर चमचाभर मिठाचं पाणी थेट गरम तेलात घालायचीही एक रीत आहे. मीठ त्याने फार सुरेख, सगळीकडे सारखं लागतं. पण तेल जोरात उसळतं आणि शिंतोडे उडतात. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनीच, खोल कढईत, लांब दांड्याच्या चमच्याने आणि एका वेळी एकच चमचा घालून हे करावं.

पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. जरा कोमट असताना भरले तरी आतल्या वाफेने सादळतात. नीट तळलेले वेफर्स आठ-दहा दिवस चांगले राहतात.

पिकलेलं केळं

साल पिवळी आणि त्यावर भरपूर काळे ठिपके असलेलं केळं घ्या. तिरके, एक सेंटिमीटर जाडीचे काप करा. खोल तेलाची गरज नाही, तव्यावर पाव इंच तेल घेऊन 165 अंशांच्या आसपास प्रत्येक बाजू दोन मिनिटं तळा. साखर फार भरभर रंग धरते, म्हणून इथे तव्यापासून हलायचं नाही.

कमी तेलात

पहिली तळणी टाळून काप मिठाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकडले, मग दाबून, कोरडे करून, दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवून एअर फ्रायरमध्ये 200 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं ठेवले, मध्ये एकदा उलटले, तर बऱ्यापैकी कुरकुरीत होतात. पोत वेगळा येतो, जरा कोरडा आणि खाखऱ्याकडे झुकणारा. तेल टाळणं गरजेचं असेल त्यांनी जरूर करावेत. तेलाचा हात मात्र वगळू नका, नाही तर काप नुसते वाळतात.

तेलाची काळजी

तळण चालू असताना तेलातून निळसर धूर दिसला तर लगेच गॅस बंद करा. तेलाने पेट घेतलाच तर पाणी कदापि घालू नका, कढई उचलून पळू नका. गॅस बंद करून वर घट्ट झाकण सरकवा आणि गार होईपर्यंत उघडू नका. हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, म्हणून तळायला बसण्यापूर्वी कढईला बसणारं झाकण हाताशी काढून ठेवा.

तळून झाल्यावर तेल पूर्ण गार होऊ द्या, बारीक कपड्यातून गाळा आणि अंधाऱ्या जागी ठेवा. केळ्याचा वास फारसा उतरत नाही, पुन्हा एक-दोनदा वापरता येतं. तेल दाट झालं, गरम करताना फेस धरू लागलं किंवा खवट वास आला की काढून टाका, पण सिंकमध्ये ओतू नका. बाटलीत भरून कचऱ्यात द्या.

आधी करून ठेवायचे असतील तर

दोन तळणींचा हा मोठा फायदा आहे. पहिली तळणी करून, दाबून, काप ताटात एकमेकांना न लागता पसरा आणि फ्रीझरमध्ये दोन तास गोठवा. कडक झाले की पिशवीत भरून हवा काढून बंद करा. महिनाभर राहतात. खायच्या वेळी बाहेर काढून वितळवत बसायचं नाही, वितळले की पाणी सुटतं. वर जमलेला बर्फाचा भुगा कपड्याने झटकून टाका आणि गोठलेलेच काप 185 अंशांच्या तेलात, एका वेळी तीन-चारच, सोडा. दीड-दोन मिनिटं जास्त लागतात. मिठाच्या पाण्याची बुडी या कापांना द्यायची नाही, मीठ वरूनच घालायचं.

तयार काप उरलेच, तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, चामड्यासारखे होतात. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, प्रत्येक बाजू दोन मिनिटं ठेवा.